डॉसवाला लॅपटॉप

सुरतेच्या रिंग रोडला लोक कापडासाठी ओळखतात; पण साड्यांच्या मार्केटांच्या अंगाला तिथे कॉम्प्युटरची दुकानंही आहेत. बेताच्या किमतीचा लॅपटॉप मागितला, की बऱ्याचदा दोन पेट्या पुढे येत. कंपनी एकच, प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, पडदाही तेवढाच. एकीची किंमत मात्र दुसरीपेक्षा तीन-चार हजारांनी कमी, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ‘डॉस’ असं छापलेलं. ‘दादा, यात विंडोज नाही का?’ असं गिऱ्हाइकाने विचारलं, की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येई, ‘नाखी आपीशुं ने!’ टाकून देऊ की. एवढ्यावर सौदा होई. पुढचे सगळे घोळ त्या ‘टाकून देऊ’मध्येच दडलेले असत.

२०१०नंतरच्या दशकात हे दृश्य सुरतेतच काय, पुण्या-नाशकातही रोजचं होतं. आज घरगुती लॅपटॉपांत डॉसवाले कमी झाले आहेत. कंपन्यांच्या ऑफिसवापराच्या मालिकांत ते अजून सापडतात. सुरतेत या पेटीला गिऱ्हाईक मिळण्याचं कारण शहराच्या कामधंद्यात आहे. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या भुसावळ-सुरत गाडीने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं यंत्रमागावर आणि मिलमध्ये कामाला आली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत त्यांची वस्ती झाली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकलेली त्यांची पुढची पिढी मागावर उभी न राहता कॉम्प्युटरसमोर बसू लागली. कोणी साडीच्या भरतकामाचं पंचिंग करतं, कोणी मार्केटच्या गाळ्यात टॅली सांभाळतं, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात सरीन यंत्रावर. अशा घरात पहिला लॅपटॉप हे रोजीरोटीचं हत्यार असतं, आणि तीन-चार हजार वाचणं ही लहान गोष्ट नसते.

पेटीतलं हे डॉस म्हणजे नेमकं काय? मायक्रोसॉफ्टचं जुनं डॉस ते नव्हेच. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट डॉसचा धंदा आवरता घेणार हे दिसू लागलं, तेव्हा जिम हॉल नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्याने २९ जून रोजी जाहीर केलं, की आपण सगळ्यांसाठी मोफत असं नवं डॉस लिहू या. त्यातून फ्रीडॉस तयार झालं. त्याची १.० आवृत्ती यायला २००६चा सप्टेंबर उजाडला, आणि आजही स्वयंसेवक ते जपून आहेत. जुने खेळ आणि कारखान्यातली जुनी यंत्रं चालवणाऱ्यांसाठी ते सोन्यासारखं आहे. पण २०१८चा लॅपटॉप घेणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पेटी उघडून बटण दाबलं, की काळ्या पडद्यावर ‘सी’ हे अक्षर, पुढे दोन-तीन चिन्हं आणि टिपटिपणारा कर्सर. माउस हलवला तर काही हलत नाही. नेट नाही, आवाज नाही. अनेक घरांत इथेच पहिला फोन दुकानाकडे जातो, की पीस खराब निघाला.

मग कंपन्या ते टाकतातच कशाला? कोरी डिस्क पाठवली तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही’ असा संदेश दिसणार आणि तक्रारी वाढणार. फ्रीडॉसला परवान्याचा खर्च नाही, आणि मशीन सुरू होतं एवढा पुरावा त्यातून मिळतो. पुढे तेही जमेनासं झालं. फ्रीडॉसला चालू होण्यासाठी जुन्या पद्धतीचा बायॉस, म्हणजे मशीन जागं करणारा प्रोग्रॅम, लागतो. त्याची जागा यूईएफआयने घेतली, आणि २०२०च्या सुमारास इंटेलने जुन्या पद्धतीशी जुळवून घेण्याची सोय नव्या मशीनमधून काढायला घेतली. त्यावर एचपीने शोधलेला तोडगा २०२२मध्ये एका वापरकर्त्याने मशीन तपासून उघड केला. लॅपटॉप चालू होताना आधी डेबियन लिनक्स ही मोफत सिस्टिम उठत होती, ती आपल्या पोटात एक आभासी कॉम्प्युटर उभा करत होती, आणि त्या आभासी कॉम्प्युटरात फ्रीडॉस चालत होतं. म्हणजे मशीनमध्ये एक धडधाकट ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिचं काम एकच: आत काही नाही असं दाखवणं!

सुरतेच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. डॉसवाला लॅपटॉप हा या धंद्यातला ग्रे ताका आहे. मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं कापड. फरक एवढाच, की ग्रे घेणाऱ्या व्यापाऱ्याला रंगाई करणाऱ्या प्रोसेस हाउसचा भाव ठाऊक असतो आणि घट किती येईल याचा अंदाज असतो. लॅपटॉप घेणाऱ्याला पुढच्या प्रक्रियेचा खर्च कोणी सांगत नाही.

तो खर्च टाळण्याचे प्रयत्न जुने आहेत. २००५मध्ये एचसीएलने ९,९९० रुपयांत लिनक्सवाला कॉम्प्युटर बाजारात आणला. दहा हजारांच्या आतला कॉम्प्युटर ही तेव्हा मोठी बातमी होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने भारतासाठी विंडोज एक्सपीची स्वस्त ‘स्टार्टर’ आवृत्ती हिंदीत काढली. तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडत. चौथा उघडायचा तर आधीचा एक बंद करा. ज्याला परवडत नाही त्याला अर्धवट माल द्यावा, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली असेल ती असो, पण गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या दुकानातून पूर्ण एक्सपीची सीडी आणली.

मग नेटबुकांचा, म्हणजे लहान स्वस्त लॅपटॉपांचा, काळ आला. तैवानच्या आसुसने २००७मध्ये सात इंची ‘ई पीसी’ लिनक्ससह आणला आणि काही महिने लिनक्सचे दिवस आल्यासारखं वाटलं. २००८च्या ऑक्टोबरमध्ये एमएसआय या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की लिनक्सवाली नेटबुकं परत येण्याचं प्रमाण विंडोजवाल्यांच्या चौपट आहे. घेणाऱ्यांनी पेटीवरची अक्षरं वाचली नव्हती. घरी उघडल्यावर ओळखीचं काही दिसेना. २०१२मध्ये डेल आणि उबुंटू लिनक्स बनवणारी कॅनॉनिकल यांनी भारतातल्या ८५० दुकानांत उबुंटूवाले लॅपटॉप ठेवल्याचं जाहीर केलं. जगात इतक्या दुकानांत लिनक्स उघड विकलं जाणं दुर्मीळच. पण दुकानदाराच्या लेखी उबुंटू आणि डॉस यांत फरक नव्हता, दोन्हींचा अर्थ ‘विंडोज नसलेला स्वस्त पीस’. कंपनीने त्या मशीनसाठी नीट जुळवून दिलेलं उबुंटू घरी पोहोचायच्या आधीच पुसलं जाई.

त्या जागी काय येई, हे गुपित नाही. २०१५मध्ये भारतात विंडोज १० होमची सुटी किंमत ७,९९९ रुपये होती, प्रोची १४,९९९. तीन-चार हजार वाचवायला निघालेला माणूस आठ हजारांचा परवाना घेईल अशी अपेक्षा कोणालाच नव्हती. घेतला असता तर विंडोजवाली पेटीच स्वस्त पडली असती. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला हाच परवाना घाऊक भावात कितीतरी स्वस्त मिळतो, आणि विंडोज ८पासून त्याची किल्ली मशीनच्या फर्मवेअरमध्येच बसवलेली असते. पुन्हा विंडोज टाकलं तरी ती आपोआप सापडते. डॉसवाल्या मशीनमध्ये ती जागा रिकामी. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीनुसार भारतात वापरात असलेल्या सॉफ्टवेअरपैकी बिनपरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण २०१५मध्ये ५८ टक्के आणि २०१७मध्ये ५६ टक्के होतं. पाहणी करणाऱ्यांचा स्वतःचा स्वार्थ त्यात आहे, म्हणून आकडा थोडा सावधपणे वाचावा. पण निम्म्याच्या आसपास हे खोटं वाटत नाही.

चोरीच्या विंडोजची तक्रार नैतिकतेपुरती नाही. ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचा प्रोग्रॅम चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि तो प्रोग्रॅम कुठून उतरवला हे दुकानातल्या पोरालाही सांगता येत नाही. नंतर अपडेट बंद ठेवले जातात, नाहीतर उजव्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी फिकट इंग्रजी अक्षरं उमटतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, भारतातही आला. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. अपडेट बंद ठेवणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही.

आता ज्याला चोरी नको, किंवा मनापासून लिनक्सच हवं, त्याची गोष्ट. इंजिनिअरिंगला गेलेला उधन्याचा एखादा मुलगा असा असतो. त्याला वाटतं, डॉसवाला लॅपटॉप आपल्यासारख्यांसाठीच बनवला आहे. पेनड्राइव्हवर उबुंटू घेतो आणि कामाला लागतो. पहिला अडसर सिक्युअर बूटचा. २०१२मध्ये विंडोज ८बरोबर आलेली ही व्यवस्था मशीन सुरू होताना सही तपासते, आणि बहुतेक मशीनमध्ये ती सही मायक्रोसॉफ्टची असावी लागते. मोठ्या लिनक्स वितरणांनी मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घेतलेला एक छोटा प्रोग्रॅम पुढे ठेवून यातून वाट काढली. उबुंटू, फेडोरा चालतात. एखादं छोटं वितरण मात्र अडतं आणि बायॉसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद करावं लागतं. विंडोजशिवाय विकलेल्या मशीनच्या दारावर विंडोजवाल्यांचा शिक्का तपासणारा रखवालदार, हा विनोद त्या मुलाला तेव्हा सुचत नाही.

दुसरा अडसर डिस्कचा. इंटेलच्या आरएसटी या स्टोरेज तंत्रामुळे काही मशीनमध्ये एसएसडी अशा पद्धतीने जोडलेली असते, की उबुंटूचा इन्स्टॉलर ‘आरएसटी बंद करा’ असं सांगून थांबतो. गंमत म्हणजे हा त्रास विंडोजलाही आहे. २०२०नंतरच्या, अकराव्या पिढीच्या प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपांवर विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलरही ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ म्हणतो. इंटेलचा ड्रायव्हर वेगळा उतरवून, पेनड्राइव्हवर सोडवून, इन्स्टॉलरला हाताने दाखवावा लागतो. ‘नाखी आपीशुं’ म्हणणाऱ्या दुकानदाराचा अर्धा दिवस यात गेल्याची उदाहरणं आहेत. घरी करायला बसलेल्याचा आठवडा जातो.

तिसरा वाय-फायचा, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. २०१५च्या आसपास एचपीच्या स्वस्त लॅपटॉपांच्या एका मोठ्या गटात रियलटेकचं ८७२३बीई हे कार्ड होतं. कार्डावर अँटेनाच्या दोन खुंट्या, पण कंपनी तार जोडे एकाच खुंटीला. पैसे वाचतात. विंडोजच्या ड्रायव्हरला कोणती खुंटी जोडली आहे हे ठाऊक असे. लिनक्सचा ड्रायव्हर दुसऱ्या, रिकाम्या खुंटीवर कान लावून बसे. परिणाम असा, की राउटरच्या शेजारी बसलं तर नेट चालतं आणि पलीकडच्या खोलीत गेलं की जातं. उपाय एका ओळीचा आहे. ड्रायव्हरला सांगायचं, की अँटेना क्रमांक एक किंवा दोन वापर. पण ती ओळ शोधायला नेट लागतं, आणि नेटच तर चालत नसतं. शेवटी मोबाइलचं इंटरनेट यूएसबी तारेने घेऊन माणसं सुटली. या त्रासाला लिनक्स वाईट आहे हे कारण म्हणता येणार नाही आणि कार्ड खराब आहे असंही नाही. विंडोजवाल्या पेटीत कारखान्यातच कोणीतरी ते जुळवून ठेवलेलं असतं. डॉसवाल्या पेटीत तेवढंच काम गिऱ्हाइकावर ढकललेलं असतं, आणि सूट नेमकी त्याचीच.

समजा, हेही जमलं. आता काम सुरू करायचं.

मार्केटच्या गाळ्यात टॅली लागते. १९८६मध्ये गोयंका पितापुत्रांनी बेंगळुरूत सुरू केलेली ही कंपनी भारतीय व्यापाऱ्याच्या वहीची जागा घेऊन बसली आहे, आणि तिचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो. ब्राउझरमधून क्लाउडवर टॅली वापरण्याची सोय आली आहे, पण तिचं भाडं वेगळं. जुनी टॅली ४.५ खरोखरच डॉसवर चालत असे. डॉसवाल्या लॅपटॉपवर डोकं न खाजवता चालेल असं मार्केटचं सॉफ्टवेअर शोधायचं तर तेवढंच, आणि त्यात जीएसटी नाही! जीएसटी पोर्टल किंवा ई-वे बिल मात्र ब्राउझरमध्ये चालतं, तिथे लिनक्सचं काही अडत नाही. मुंबईत तयार झालेलं, मुक्त परवान्याचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही ब्राउझरमध्येच चालतं. पण नोकरीच्या जाहिरातीत ‘टॅली येणारा मुलगा पाहिजे’ असं लिहिलेलं असतं.

पंचिंगवाल्याची अडचण वेगळी. साडीवरच्या भरतकामाची डिझाइन टाक्या-टाक्याने कॉम्प्युटरवर मांडायची, आणि तयार झालेली डीएसटी फाइल पेनड्राइव्हने कारखान्यातल्या मशीनला द्यायची, हे त्याचं काम. त्यासाठी सगळीकडे ऑस्ट्रेलियाच्या विलकॉम कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, तेही विंडोजवरच. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमला जोडून चालणारं ‘इंक स्टिच’ नावाचं मोफत साधन लिनक्सवर उत्तम चालतं आणि डीएसटी फाइल देतंही. एकट्याने नवी डिझाइन करायची असेल तर त्याने भागू शकतं. पण पार्टी विलकॉमची मूळ ईएमबी फाइल पाठवते आणि सांगते, ‘पल्लूची बुट्टी थोडी बारीक कर.’ ती फाइल तिथे उघडत नाही. धंदा एकमेकांच्या फायलींवर चालतो, एका माणसाच्या निवडीवर नाही. हिऱ्याच्या कारखान्यात तर निवडीचा प्रश्नच येत नाही. कच्च्या हिऱ्यातून कोणता आकार किती कॅरेटचा निघेल याची आखणी इस्रायलच्या सरीन कंपनीच्या यंत्रांवर होते. यंत्र, सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेला विंडोज कॉम्प्युटर हा एकच संच.

लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांकडे श्रीलिपी, कोरलड्रॉ आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या फाँटमधल्या फायली, म्हणजे पुन्हा विंडोजच. आणि सगळ्यांच्या टेबलावर एक प्रिंटर, बहुधा कॅननचा एलबीपी २९००. इतका टिकाऊ लहान लेझर प्रिंटर भारतीय ऑफिसांनी दुसरा पाहिला नसेल. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत बोलतो. तिचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर कंपनीने दिला होता, पण तो जुन्या ३२ बिट फायलींवर अवलंबून. नव्या लिनक्सवर तो बसवताना भलेभले हात टेकतात. चलान छापायला उभा राहिलेला टेम्पोवाला तेवढं थांबत नाही.

एका बाबतीत मात्र बिनविंडोजवाला पुढे आहे, आणि दुकानात ती गोष्ट कोणी सांगत नाही. भारतात स्वस्त लॅपटॉपांवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ ही विंडोजची आवृत्ती येते. नावाप्रमाणे तिची भाषा एकच. टायपिंग हव्या त्या भाषेत करा, पण मेन्यू, संदेश, सेटिंग यांची भाषा बदलायची तर वरच्या आवृत्तीचे पैसे भरा. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलणाऱ्या डिंडोलीच्या माणसाला ‘सिंगल लँग्वेज’ विकणं ही धंद्याची कमालच म्हणायची. लिनक्सवर मराठी आणि गुजराती दोन्ही मेन्यू मोफत येतात. सीडॅक या सरकारी संस्थेने २००७मध्ये काढलेलं बॉस लिनक्स तर भारतीय भाषांसाठीच होतं. अनुवाद काही ठिकाणी अवघडलेले आहेत, पण आईला संदेश मराठीत वाचता येतो.

उलट बाजूचा माणूसही आहे: ज्याला हवं ते मॉडेल विंडोजसकटच मिळतं आणि विंडोज नको आहे. १९९९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री बेनेट यांनी तोशिबाकडून न वापरलेल्या विंडोजचे ११० डॉलर परत मिळवले. ते वाचून अमेरिकेतल्या लिनक्सप्रेमींनी १५ फेब्रुवारी १९९९ हा ‘विंडोज परतावा दिन’ ठरवला आणि कॅलिफोर्नियात मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवर मोर्चा नेला; पैसे लॅपटॉप कंपनीकडे मागा, असं उत्तर मिळालं. इटलीतल्या लुका बोनिस्सी यांनी २०१८मध्ये लेनोव्होचा लॅपटॉप घेतला आणि विंडोजचे ४२ युरो परत मागितले. कंपनी वरच्या कोर्टापर्यंत भांडली, तेव्हा २०२०च्या अखेरीस मोंझाच्या कोर्टाने उलट कंपनीलाच २०,००० युरोची भरपाई द्यायला लावली. त्यातले १५,००० बोनिस्सींनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या युरोपीय संस्थेला दिले. पण सगळी कोर्टं अशी नाहीत. सोनीविरुद्धच्या एका खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६मध्ये म्हटलं, की सॉफ्टवेअरसकट कॉम्प्युटर विकणं आणि तेवढाच पर्याय ठेवणं ही मुळात अनुचित प्रथा नव्हे.

भारतात २०१०मध्ये एका वकिली संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांमधल्या किमतीच्या तफावतीबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०११मध्ये आयोगाने ती बंद केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायलाच लावणं हे निर्बंधक व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बसतं. सुरतेच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे वाद नेता येईल, कागदावर तरी. पण परवान्याच्या करारातच लिहिलेलं असतं, की अटी मान्य नसतील तर परताव्याचं धोरण कंपनीला विचारा, आणि ते धोरण अख्खं मशीन परत करायलाही सांगू शकतं. तीन हजारांसाठी तारखांच्या खेपा कोण घालणार?

नव्या सिस्टिम मग मागच्या दाराने आल्या. रिलायन्सच्या जिओबुकची नवी आवृत्ती ऑगस्ट २०२३मध्ये १६,४९९ रुपयांना आली. आत अँड्रॉइडवर बेतलेलं जिओओएस. गूगलच्या सिस्टिमवरची क्रोमबुकंही शाळकरी मुलांच्या हाती गेली. त्यांना कोणी ‘विंडोज नसलेला’ म्हणत नाही, मोठा मोबाइल समजून घेतात, आणि त्यामुळे फसवल्याची भावना कमी. विलकॉम तिथेही चालत नाही, हे नंतर कळतं.

केरळने हा गुंता वेगळ्या टोकाकडून सोडवला. तिथल्या सरकारी शाळांचा ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प, म्हणजे २०१७पासूनची ‘काइट’ ही कंपनी, मशीन, लिनक्स, पाठ्यपुस्तक, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांची सांगड स्वतः घालते. सरकार हजारोंनी लॅपटॉप घेतं तेव्हा निविदेतच लिहिता येतं, की अमुक लिनक्सवर वाय-फाय चाललं पाहिजे. रिंग रोडवर एक पेटी घेणाऱ्याला असं काही लिहून घेता येत नाही.

दरम्यान १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे गाळ्यागाळ्यात धडधाकट चालणारी २०१५-१७ची मशीनं पुन्हा तिथेच आली, जिथे ती डॉसवाली पेटी उघडताना होती. सेकंडहँड बाजारात अशांची आवक वाढेल. ती घेताना, नवा डॉसवाला लॅपटॉप घेताना तर नक्कीच, एक गोष्ट करता येते. उबुंटूचा पेनड्राइव्ह खिशात ठेवायचा आणि पैसे देण्याआधी, काही न पुसता, त्यावरून मशीन चालू करून पाहायचं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडल्यावर पडदा उजळतो का. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सीलबंद पेटी दुकानदार त्यासाठी फोडू देत नाही, म्हणून डिस्प्लेला ठेवलेला त्याच मॉडेलचा पीस मागायचा. मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्यायचं, कारण एकाच नावाखाली वाय-फाय कार्ड बदललेलं असतं. आणि बिलावर ते पूर्ण नाव, ‘डॉस’ या शब्दासकट, लिहून घ्यायचं. वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तेच विचारतं, आणि दुकानाने टाकून दिलेलं विंडोज बिघडलं तर ते वॉरंटीत येत नाही.